न्यूयॉर्क शहरात मुलांना शाळेत घालताना: डिस्ट्रिक्ट, झोन, कागदपत्रं आणि पुढचं सगळं

व्हिसाचा शिक्का बसला की नव्यानं येणारं कुटुंब ओळखीच्या मराठी माणसाला हमखास विचारतं, "चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?" न्यू जर्सीत किंवा लाँग आयलंडला हा प्रश्न बरोबर आहे. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंमध्ये, म्हणजे शहराच्या पाच मोठ्या भागांमध्ये, मात्र त्याचं सरळ उत्तर मिळत नाही. क्वीन्समध्ये, ब्रुकलिनमध्ये किंवा शहरात दुसरीकडे कुठं राहायला येत असाल, मुलं तीन ते अठरा वयाची असतील आणि खाजगी शाळेचा विचार नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीत घर घेतलं असेल तर यातलं लसीकरणाचं टिपण तेवढं वाचा, आणि तेही तिकडच्या शाळेकडून ताडून घ्या. राज्य बदललं की नियम बदलतात.

आधी हे डिस्ट्रिक्ट प्रकरण

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावात गावाचं स्वतःचं डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग, असतं. लोक शाळा मंडळ निवडून देतात आणि घरपट्टीतून शाळांचा खर्च निघतो. त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत असते, आणि घराच्या किमतीतही शाळा मोजलेली असते. न्यूयॉर्क शहराचं तसं नाही. इथल्या सगळ्या सरकारी शाळा मिळून एकच मोठी यंत्रणा आहे. तिच्यात नऊ लाखांच्या आसपास मुलं शिकतात, आणि देशात याहून मोठं डिस्ट्रिक्ट नाही. कारभार महापौरांकडे आहे. शाळांचा प्रमुख, म्हणजे चॅन्सलर, तेच नेमतात.

या यंत्रणेच्या पोटात ३२ भौगोलिक डिस्ट्रिक्ट्स आहेत. १ ते ६ मॅनहॅटनमध्ये, ७ ते १२ ब्राँक्समध्ये, १३ ते २३ आणि शिवाय ३२ ब्रुकलिनमध्ये, २४ ते ३० क्वीन्समध्ये, आणि ३१ म्हणजे अख्खं स्टेटन आयलंड. शिवाय दोन क्रमांक नकाशावर सापडत नाहीत. ७५ हे जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांग मुलांसाठी आहे, आणि ७९ नेहमीच्या वाटेनं शिक्षण पुरं न झालेल्या मोठ्या मुलांसाठी.

ही विभागणी एका भांडणातून आली. १९६८ साली ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात शाळांवर ताबा कुणाचा, वस्तीतल्या पालकांचा की शिक्षक संघटनेचा, यावरून शहरभर संप झाले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि डिस्ट्रिक्टना आपापली निवडून आलेली मंडळं मिळाली. २००२ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात ती मोडीत निघाली आणि सत्ता पुन्हा सिटी हॉलकडे गेली. आज डिस्ट्रिक्टकडे एक सुपरिंटेंडंट आणि पालकांची एक परिषद उरली आहे. या परिषदेच्या हातात फार काही नाही. पण शाळांच्या झोनच्या सीमारेषा तिच्या मंजुरीशिवाय बदलत नाहीत, आणि तुमच्या दृष्टीनं नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

डिस्ट्रिक्टला स्वतःचा कर नाही. शाळेला पैसे मिळतात ते बव्हंशी मुलांच्या संख्येवर आणि गरजांवर: इंग्रजी नव्यानं शिकणारं मूल, विशेष शिक्षणाची गरज असलेलं मूल, यांच्यामागे जास्त रक्कम धरली जाते. तेव्हा "भारी" वस्तीत जादा भाडं भरून तुम्ही शाळेच्या तिजोरीत काही टाकत नाही. फरक पडतो तो पालक संघटनेच्या वर्गणीनं. काही शाळांत ती इतकी जमते की चित्रकला, बुद्धिबळ, जादा मदतनीस सगळं त्यातून चालतं. ही वर्गणी ऐच्छिक असते. पत्रात "सुचवलेली रक्कम" छापलेली असली तरी न दिल्यानं मुलाचं काहीही अडत नाही.

पायरी १: लीजवर (भाडेकरारावर) सही करण्याआधी घरक्रमांक तपासा

किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून शाळा ठरते. तिला झोन्ड शाळा म्हणतात. झोन म्हणजे पोस्टाचा झिपकोड नव्हे आणि मोहल्ल्याचं नावही नव्हे. रस्त्याच्या या बाजूची इमारत एका शाळेत आणि समोरची दुसऱ्या शाळेत, असं सर्रास असतं. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सचा बराचसा भाग डिस्ट्रिक्ट ३० मध्ये येतो, तर त्याला लागून असलेलं एल्महर्स्ट २४ मध्ये. किराणा आणि गाड्या तुम्ही एकाच ठिकाणी धरता, पण शाळेच्या दृष्टीनं ती दोन वेगळी गावं आहेत.

एजंट सांगतो त्यावर विसंबू नका. शहराच्या शाळाशोधाच्या नकाशात पूर्ण पत्ता टाका, नाही तर ३११ या शहराच्या चौकशी क्रमांकावर फोन करून विचारा. मग त्या शाळेच्या ऑफिसला फोन करून एकच प्रश्न विचारा: "या इयत्तेत झोनमधल्या मुलांना जागा मिळते का, की वेटलिस्ट लागते?" झोनमध्ये असणं म्हणजे अग्रक्रम, जागेची हमी नव्हे. झोनमधली भावंडं आधी, मग झोनमधली बाकीची मुलं. २०२२ च्या राज्य कायद्यानं वर्गातल्या मुलांची संख्या टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावली आहे: तिसरीपर्यंत २०, आठवीपर्यंत २३, हायस्कूलला २५. मुलांच्या दृष्टीनं हे उत्तम झालं, पण आधीच भरलेल्या शाळांमध्ये जागा आणखी घट्ट झाल्या.

डिस्ट्रिक्ट १, ७ आणि २३ मध्ये प्राथमिक शाळांना झोनच नाहीत. तिथं सगळ्यांनीच अर्ज करून पसंती द्यायची.

शाळेचं नाव वाचायला शिका, पुढं उपयोगी पडतं. पी. एस. म्हणजे प्राथमिक, आय. एस., एम. एस. आणि जे. एच. एस. म्हणजे मधल्या इयत्तांच्या शाळा. पी. एस. ६९ एकापेक्षा जास्त बरोंमध्ये आहे, म्हणून प्रत्येक शाळेला एक संकेतक्रमांक असतो. ३०क्यू०६९ म्हणजे डिस्ट्रिक्ट ३०, क्वीन्स, शाळा ६९. अक्षरांत मॅनहॅटन एम, ब्राँक्स एक्स, ब्रुकलिन के, क्वीन्स क्यू आणि स्टेटन आयलंड आर. ब्रुकलिनला के का, तर ती किंग्ज काउंटी. स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड, म्हणून आर. फॉर्म भरताना नाव चुकलं तरी चालेल, हा क्रमांक चुकू देऊ नका.

आता रेटिंगबद्दल. घरांच्या वेबसाइटवर शाळेपुढे दहापैकी आकडा दिसतो. त्यात परीक्षेच्या गुणांचा वाटा मोठा असतो, आणि परीक्षेचे गुण पालकांच्या उत्पन्नाच्या मागोमाग चालतात. बेसाइड, लिटल नेकचं डिस्ट्रिक्ट २६ आपल्या लोकांत नावाजलेलं आहे, आणि तिथल्या शाळा चांगल्या आहेतही. पण त्यासाठी आईवडिलांचा रोजचा प्रवास दीड तासावर जात असेल, तर माझं मत सरळ आहे: मधली शाळा आणि संध्याकाळी सहाला घरी असलेले आईबाप हा सौदा चांगला. शहराचा स्वतःचा शाळा गुणवत्ता अहवाल बघा. त्यात शिक्षक आणि पालक शाळेबद्दल काय म्हणतात, मुलं नियमित येतात का, हे असतं. हजेरीचा आकडा मला गुणांपेक्षा जास्त सांगून जातो.

पायरी २: मूल कुठल्या इयत्तेत बसेल

इथं आठवीपर्यंत इयत्ता वयावर ठरते, आणि वय मोजतात जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून. ज्या वर्षी मूल पाच वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात किंडरगार्टन. ३१ डिसेंबरला पाच पूर्ण होणार असली तरी त्याच वर्षी. म्हणजे २०१८ मध्ये जन्मलेलं मूल २०२३ च्या सप्टेंबरात किंडरगार्टनला, २०२४ ला पहिलीत, २०२५ ला दुसरीत. जानेवारीत जन्म असो की डिसेंबरात, वर्ग तोच.

आपल्याकडे वर्ष जूनला सुरू होतं, इथं सप्टेंबरला. एप्रिलमध्ये तिकडची तिसरी संपवून आलेलं मूल मे महिन्यात इथं दुसरीतही बसू शकतं, आणि मग घरात "वर्ष वाया गेलं" म्हणून हळहळ सुरू होते. वर्ष वाया जात नाही. वयाच्या मुलांबरोबर बसलेलं बरं असतं, आणि गणितात आपली मुलं पुढं असली तर शिक्षक ते महिन्याभरात ओळखतात.

तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी ३-के आणि प्री-के आहेत, दोन्ही मोफत. प्री-के सर्वांसाठी खुलं झालं ते २०१४ पासून, ३-के २०१७ पासून. दोन्ही सक्तीचे नाहीत आणि ३-केची जागा घराजवळच मिळेल असंही नाही. पण इथल्या खाजगी पाळणाघराची फी एकदा विचारून बघितलीत तर अर्ज करायला कुणी सांगावं लागणार नाही.

हायस्कूलच्या मुलांचं वेगळं. नववीपासून इयत्ता क्रेडिट्सवर, म्हणजे पास झालेल्या विषयांमागे जमा होणाऱ्या एककांवर, ठरते. दहावीची बोर्डाची गुणपत्रिका, नववीचं प्रगतिपुस्तक, विषयांची यादी, हे सगळं आणा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. हायस्कूल पुरं केल्याच्या डिप्लोमाला ४४ क्रेडिट्स लागतात आणि तुमच्या मुलाला त्यातली किती मिळाली हे शाळा ठरवते. मिळालेला आकडा पटला नाही तर समुपदेशकाला भेटून विषयवार बोला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला कुणी "आता परस्पर समकक्ष परीक्षाच देऊन टाका" असं सुचवलं, तर नम्रपणे नकार द्या. डिप्लोमा मिळेपर्यंत, किंवा मूल २१ वर्षांचं होईल ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, त्याला शाळेत बसण्याचा हक्क आहे.

पायरी ३: कागदपत्रं

मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, लसीकरणाची नोंद, राहत्या पत्त्याचे दोन पुरावे, आणि असेल तर आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तकं आणि दाखला. बस. शाळा सोडल्याचा दाखला नसेल म्हणून इथं प्रवेश अडत नाही. तो तुम्हाला परत महाराष्ट्रात गेल्यावर लागेल, म्हणून जपून ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही. व्हिसा कुठला, हे शाळेनं विचारायचं नाही. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो खटल्यात ठरवलेलं आहे. एच-४ आणि एल-२ या व्हिसांवर आईवडिलांबरोबर आलेल्या मुलांना शाळेसाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

नव्या माणसाची अडचण होते ती पत्त्याच्या पुराव्यावर. तुमच्या नावाचं लीज हा एक पुरावा. दुसरा म्हणजे गेल्या ६० दिवसांतलं विजेचं किंवा गॅसचं बिल, सरकारी खात्याचं पत्र, किंवा पत्ता छापलेली पगाराची स्लिप. कंपनीच्या लेटरहेडवरचं "हे आमच्याकडे नोकरीला आहेत" असं पत्र चालत नाही, आणि नेमकं तेच आपल्याकडे तयार असतं. म्हणून घर मिळाल्या दिवशीच कॉन एडिसन या वीज कंपनीचं खातं स्वतःच्या नावावर उघडा आणि पगारखात्यात नवा पत्ता लगेच टाका. भावाकडे किंवा मित्राकडे उतरला असाल आणि लीजवर तुमचं नाव नसेल, तर राहत्या पत्त्याचं प्रतिज्ञापत्र भरायचं. त्यावर घर ज्याच्या नावावर आहे त्याचीही सही लागते. दुसऱ्याचा पत्ता लावून शाळा मिळवायचा मोह मात्र नको. शाळा चौकशी करतात, आणि मग मधल्या मध्ये मुलाची ओढाताण होते.

निवाऱ्यात किंवा घर गेल्यामुळे दुसऱ्याच्या घरात तात्पुरतं राहणाऱ्या मुलाला कागद पुरे नसले तरी ताबडतोब शाळेत घ्यावं लागतं. तसं कुणी ओळखीत असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्याकडच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. इथल्या कारकुनानं ते जसंच्या तसं उतरवलं की मुलाला वर्गात वडिलांच्या नावानं हाका मारतात. आणि तारीख! इथं महिना आधी येतो. ०५/०८ हा आपल्यासाठी ५ ऑगस्ट, त्यांच्यासाठी ८ मे. लसीकरणाच्या कार्डावर हा घोळ सगळ्यात जास्त होतो. महिना अक्षरांत लिहिलेली प्रत डॉक्टरांकडून करून घ्या.

लसीकरणावर थोडं थांबू, कारण प्रवेशानंतर मूल घरी परत पाठवलं जातं ते बहुधा याच कारणानं. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून धार्मिक कारणानं सूट मिळत नाही, फक्त वैद्यकीय कारण चालतं. किंडरगार्टनपासून पुढं घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकला, पोलिओ, हेपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस आणि कांजिण्यांचे दोन डोस बघतात. आपल्या कार्डात तीन ठिकाणी अडतं. पहिलं, सरकारी दवाखान्यात दिली जाणारी एमआर लस गोवर आणि रुबेलाची आहे, तिच्यात गालगुंड नाही. इथं एमएमआर लागते. दुसरं, नवव्या महिन्यात दिलेला डोस इथं धरत नाहीत, कारण पहिला डोस पहिल्या वाढदिवसानंतरचा हवा. तिसरं, कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नसल्यानं बऱ्याच मुलांना दिलेलीच नसते. बीसीजीची नोंद इथं कुणी विचारत नाही. सहावीला टीडॅप (घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याचा मोठ्या मुलांचा डोस) आणि सातवीला मेनिंजायटिसची लस वेगळी.

शक्य असेल तर निघण्याआधी पुण्या-मुंबईत बालरोगतज्ज्ञांकडून एमएमआर आणि कांजिण्यांचे डोस पुरे करून घ्या. दोन डोसांत अंतर लागतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. राहिलंच तर घाबरू नका. पुढच्या डोसाची तारीख ठरलेली दाखवली तर तोवर मुलाला वर्गात बसू देतात. विमा सुरू झाला नसेल तर १९ वर्षांखालच्या मुलांना केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून लस मोफत मिळते. डॉक्टरांकडून इथला शालेय आरोग्य तपासणीचा फॉर्मही भरून आणायचा असतो. त्याला सगळे सीएच-२०५ म्हणतात.

पायरी ४: जायचं कुठं

वर्षाच्या मधे आलात आणि मूल प्राथमिक वयाचं असेल तर कागद घेऊन थेट झोन्ड शाळेत जा. मूल बरोबर असलेलं बरं. झोन्ड मिडल स्कूल असेल तर तिथंही तसंच. झोन नसेल, किंवा मूल हायस्कूलचं असेल, तर फॅमिली वेलकम सेंटर. अशी केंद्रं प्रत्येक बरोमध्ये आहेत. तिथली माणसं रिकाम्या जागा बघून शाळा सुचवतात. पहिली सुचवलेली शाळा घ्यायलाच हवी असं नाही. जाऊन बघा, प्रवासाचा वेळ मोजा, मग हो म्हणा. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं रांगा लागतात. जुलैत जमलं तर निम्मा त्रास वाचतो.

आधीच योजना करून येत असाल तर मायस्कूल्स या संकेतस्थळावर अर्ज करायचे. मिडल आणि हायस्कूलचे अर्ज शरद ऋतूत, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. किंडरगार्टनचे हिवाळ्यात, जानेवारीच्या शेवटापर्यंत. ३-के आणि प्री-केचे त्यानंतर. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात. झोन्ड शाळाच हवी असली तरी किंडरगार्टनचा अर्ज वेळेत करा आणि तिचं नाव यादीत घाला. "आपली झोन्डच आहे, जाऊ सप्टेंबरात" असं म्हणणाऱ्यांना कधीकधी वेटलिस्ट भेटते.

चार्टर शाळाही मोफत आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या आहेत, पण त्यांचा कारभार आणि अर्ज वेगळा. साधारण १ एप्रिलपर्यंत अर्ज, मग सोडत. काहींची शिस्त कडक, दिवस लांब. मुलाचा स्वभाव बघून ठरवा.

पायरी ५: घरच्या भाषेचा फॉर्म खरा भरा

प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता याची प्रश्नावली भरायला देतात. बरेच मराठी पालक तिथं "इंग्रजी" लिहून मोकळे होतात. मूल मागं पडलेलं ठरेल, "ढ" मुलांच्या वर्गात टाकतील, ही भीती. तसं होत नाही. मराठी लिहिलंत तर शिक्षक मुलाशी बोलतात, गरज वाटली तर एक चाचणी घेतात. इंग्रजी माध्यमातून आलेलं मूल बहुधा तिथंच मोकळं होतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला मदतीची शिक्षिका मिळते, परीक्षेला जादा वेळ मिळतो, आणि शाळेला त्या मुलामागे जादा पैसे मिळतात. दर वसंतात पुन्हा चाचणी होते आणि इंग्रजी आलं की ही मदत टप्प्याटप्प्यानं थांबते. मराठीतून मुख्य विषय शिकवणारा वर्ग तुम्हाला शहरात मिळणार नाही, तेव्हा व्यवहारात पर्याय एकच उरतो: इंग्रजी नवी भाषा म्हणून शिकवणारा कार्यक्रम.

तुमचं स्वतःचं इंग्रजी अडखळत असेल, किंवा मुलाची शाळा आजी-आजोबा बघणार असतील, तर शाळेला दुभाषा मागा. तो मोफत असतो. छापील पत्रकं बंगाली-उर्दूत मिळतात, मराठीत नाही, पण फोनवरचा दुभाषा मागता येतो. आधी सांगून ठेवावं लागतं. मुलालाच दुभाषा बनवून बैठकीला बसवू नका. आपल्याच तक्रारीचं भाषांतर मूल किती प्रामाणिकपणे करेल!

रोजचं

सकाळची न्याहारी आधीपासूनच आणि दुपारचं जेवण २०१७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या मुलांना मोफत आहे, उत्पन्न न विचारता. सोमवारी मांसाहार नसतो, शुक्रवारी जेवण वनस्पतिजन्य असतं. बाकीच्या दिवशी शाकाहारी मुलाला ताटात काय घ्यायचं हे आधी शिकवा. शाळा ते तुमच्यासाठी करणार नाही. घरचा डबा चालतो, पण तो गरम करून मिळेल असं धरू नका. आणि वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल आहे का हे विचारल्याशिवाय कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी किंवा चिक्की पाठवू नका. इथं हा प्रकार गंभीर असतो.

पिवळी बस सहावीपर्यंत, तीही अंतरावर: दुसरीपर्यंतच्या मुलांना अर्ध्या मैलापलीकडे, तिसरी ते सहावी एका मैलापलीकडे, आणि तुमच्या शाळेला बस असेल तर. मोठ्या मुलांना सबवे आणि सिटी बससाठी ओम्नी कार्ड मिळतं. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यावर दिवसाला चार फेऱ्या, वर्षभर, सुट्टीतही. फोन २०२५ च्या सप्टेंबरपासून राज्यभर शाळेच्या वेळेत बंद आहेत, तेव्हा निरोप द्यायचा तर ऑफिसला.

पहिल्या आठवड्यात एक कार्ड भरून घेतात, त्याला अजूनही ब्लू कार्ड म्हणतात. मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं, त्यांची नावं त्यावर असतात. शेजारच्या काकूंचं नाव लिहिलं नसेल तर त्या दारात उभ्या राहिल्या तरी मूल त्यांच्या हाती देणार नाहीत. शाळा तुम्हाला एक कोड देते. त्यावरून एनवायसी स्कूल्स अकाउंट उघडा. हजेरी, गुण, बसची माहिती, सगळं तिथं.

दिवाळीची सुट्टी आता कायद्यानं आहे. पहिली १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. गणपतीला नाही. डिसेंबरात भारतात जाऊन जानेवारीच्या मध्यावर परतणं ही आपली रीत आहे, पण तिकीट स्वस्त होतं हे गैरहजेरीचं मान्य कारण नव्हे. गेलातच तर आधी लेखी कळवा.

मूल बोलायला, वाचायला किंवा एका जागी बसायला झगडत असेल तर "नवीन देश आहे, होईल हळूहळू" म्हणून वर्ष घालवू नका. मूल्यमापनाची मागणी लेखी करा, तारीख घाला, प्रत ठेवा. तुम्ही संमती दिल्यापासून ६० शालेय दिवसांत मूल्यमापन होऊन सेवा सुरू व्हायला हव्यात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यातून जो आराखडा बनतो त्याला आयईपी म्हणतात. बैठकीत तुम्ही बरोबरीचे सदस्य असता. सही करण्याआधी घरी नेऊन वाचायला मागा. आपल्याकडे शिक्षकांपुढे मान डोलवायची सवय असते, ती इथं नडते.

पायरी ६: सहावी आणि नववी, म्हणजे पुन्हा नव्यानं

इथून पुढं पत्त्याचा जोर ओसरतो आणि निवड सुरू होते. मिडल स्कूलसाठी साधारणपणे तुम्ही राहता त्या किंवा प्राथमिक शाळा असलेल्या डिस्ट्रिक्टमधल्या शाळांना अर्ज करता येतो. म्हणजे डिस्ट्रिक्ट या शब्दाला अर्थ येतो तो इथं. प्रत्येकाची रीत वेगळी. ब्रुकलिनच्या डिस्ट्रिक्ट १५ नं गुणांची चाळणी काढून टाकली आणि ५२ टक्के जागा गरीब घरातल्या, इंग्रजी शिकणाऱ्या आणि बेघर मुलांना अग्रक्रमानं दिल्या. दुसरीकडे चौथीचे गुण बघतात.

हायस्कूलला तर अख्खं शहर खुलं. आठवीतलं मूल पसंतीक्रम लावून यादी देतं आणि संगणक जुळणी करतो. २००३ पर्यंत पद्धत अशी होती की काहींना तीन-तीन शाळा मिळायच्या आणि सुमारे ३०,००० मुलं त्यांनी न मागितलेल्या शाळेत पडायची. मग ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी जुळणी बसवली. रॉथ यांना २०१२ मध्ये लॉइड शेप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच जातीच्या कामासाठी. तुमच्यासाठी यातून निघणारा नियम एवढाच: खरोखर जी शाळा सगळ्यात हवी ती पहिली लिहा, मग दुसरी. "पहिली मोठी लिहिली तर दुसरीही हातची जाईल" हे अकरावीच्या प्रवेशफेऱ्यांत मुरलेलं डोकं इथं बाजूला ठेवा. वरची शाळा मिळाली नाही म्हणून खालच्या शाळेतली संधी कमी होत नाही. यादी मात्र लांब ठेवा आणि तिच्यात एक-दोन खात्रीच्या शाळा असू द्या.

प्रत्येक मुलाला सोडतीचा एक क्रमांक मिळतो, अंक आणि अक्षरांची लांबलचक माळ. सुरुवातीचं अक्षर बघायचं: शून्याकडे असेल तर उत्तम, एफकडे असेल तर यादी आणखी लांबवा. ज्या शाळा गुण बघतात तिथं आधी गुणांचे गट आणि मग गटात सोडत.

स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक यांच्यासह आठ शाळांना वेगळी प्रवेशपरीक्षा आहे, एसएचएसएटी. फक्त तिचेच गुण धरतात. पहिल्या तिघींसाठी तर १९७१ च्या राज्य कायद्यानंच तसं बांधून ठेवलं आहे. परीक्षा आठवीच्या शरद ऋतूत असते. क्वीन्समध्ये या परीक्षेचे क्लासेस गल्लोगल्ली आहेत. पाचवीपासून मुलांना तिथं घालणारे पालक आहेत. मला ते पटत नाही. सातवीची उन्हाळी सुट्टी आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरेशा असतात, आणि ज्या मुलाला रोज दीड तास गाडीत उभं राहून जायचं आहे त्याला ती शाळा स्वतःला हवी असायला पाहिजे. या आठांच्या जोडीची नववी शाळा कलांची, लाग्वार्डिया, तिथं गाणं, नृत्य, चित्रकला दाखवून प्रवेश. घरी तबला किंवा कथक शिकलेलं मूल असेल तर त्या शाळेची माहिती एकदा वाचाच.

घर बदललं तर

शहराच्या आतच दुसऱ्या झोनमध्ये गेलात, तर मुलाला चालू शाळेत तिथली शेवटची इयत्ता संपेपर्यंत राहता येतं. नवा पत्ता मात्र शाळेला लगेच कळवा, बसची पात्रता त्यावर ठरते. धाकट्याचा अर्ज असेल तर आधी ऑफिसात विचारा, कारण भावंडाचा अग्रक्रम झोनबाहेर गेल्यावर कमी होतो. आणि पुलापलीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं, तर निघण्याच्या आठवड्यात शाळेतून गुणांची नोंद, लसीकरणाची प्रत आणि असल्यास आयईपी मागून घ्या. जून संपला की ऑफिसात माणसं कमी असतात आणि उत्तर यायला ऑगस्ट उजाडतो.